माझ्या मापाचा कामठा

लग्नाच्या सहाव्या वर्षी मी तीरकामठा हातात घेतला, आणि त्याबद्दल आजवर कोणाचीही माफी मागितलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडे म्हातारी बाई जुनं काही सांगायला लागली की ऐकणारे शेवटी तिच्या तोंडून "तवा अक्कल नव्हती" एवढं ऐकायची वाट बघत बसतात. मला तेव्हा अक्कल होती. पुष्कळांपेक्षा जास्त होती.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझं माहेर पिंपळगाव राजाचं, सासर अमडापूरच्या बाजारापासून दोन कोसांवरचं एक लहान गाव. मालक शेगावच्या स्टेशनात सांधेवाला म्हणून, रुळांचे सांधे बदलायच्या नोकरीला. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे, अंगाला कोळशाचा वास घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. सासऱ्यांचे गुडघे गेलेले. धाकटा दीर गावापलीकडची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बघायचा. नाल्याकाठचं वावर राहिलं माझ्यावर आणि सासूबाईंवर. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

त्या वावरात आम्ही भुईमूग पेरायचो. बोथ्याच्या जंगलातून उतरणारा नाला आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, घासून जातो, आणि रानडुकरांना भुईमुगाचा वास कोसावरून येतो. आश्विनात शेंगा भरल्या की ती नाल्यातून वर यायची. एका पहाटे जाऊन पाहिलं तर सात ओळी उलथ्या पडलेल्या. नांगरानं काय नांगरावं अशी जमीन उकरलेली आणि वर चघळून टाकलेली टरफलं. त्या ओळी मी स्वतः निंदल्या होत्या, गुडघ्यावर बसून, तिसरा महिना चालू असताना. ते पोट पुढं टिकलं नाही. ती गोष्ट वेगळी आहे, पण तेव्हा त्या उकरलेल्या मातीकडे बघताना माझ्या मनात तीच होती.

गावात बंदूक एकच, पोलीस पाटलाकडं, ठासणीची. डुकरं आली की त्याला सांगायला जायचं असा रिवाज. मी तीनदा निरोप धाडला. पहिल्यांदा दारू ओली होती. दुसऱ्यांदा घरी पाहुणे होते. तिसऱ्यांदा तो आला, भर दुपारी, आमच्याकडं चहा घेतला, धुऱ्यावर उभा राहून नाल्याच्या दिशेनं एक बार काढला आणि म्हणाला, "आता नाही येत साले." दुसऱ्या दिवशी पहाटे पाच ओळी गेल्या.

आमच्या वावराचा राखणदार होता नाल्यापलीकडच्या भिल्ल वस्तीतला एक म्हातारा. सासऱ्यांच्या तरुणपणापासून तो आमचं पीक राखायचा. मी त्याला बाबा म्हणायचे. अंगात फाटकी बंडी, कमरेला विळा आणि खांद्याला कामठा. त्या कामठ्यानं त्यानं किती डुकरं पाडली याचे किस्से सासरे सांगायचे. पण त्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्याचे दोघे मुलगे दूर धरणाच्या कामावर माती खोदायला गेलेले. त्यांना तीर नको होता, हजेरी हवी होती. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

त्या पाच ओळी गेल्या त्याच पहाटे मी बाबाबरोबर धुऱ्याआड बसले होते. नुकतं फटफटत होतं. शेंगा फोडल्याचा कचकच आवाज यायला लागला. बाबानं तीर लावला, आवाजाच्या रोखानं कामठा धरला आणि तसाच थांबला.

"दिसून राह्यलं का तुले?" त्यानं हळूच विचारलं.

"हाव. तीन आहेत. एक लय मोठं."

"मले आवाज दिसते, डुक्कर नाही दिसत." त्यानं कामठा खाली घेतला. "डोळे तुह्याजवळ अन् कामठा माह्याजवळ. कोणाच्या कामाचं हे?"

"मंग कामठा मले द्या," मी म्हटलं.

मी विचार करून बोलले नव्हते. पण बोलल्यावर मला ते बरोबर वाटलं. बाबा उठला आणि नाला उतरून गेला. चार दिवस आला नाही. मला वाटलं, राखण सोडली यानं. पाचव्या दिवशी सकाळी येऊन अंगणाबाहेर उकिडवा बसला.

"आमच्यात बाई कामठ्याले हात लावत नाही," तो म्हणाला. "लावला तं तीर वाकडा जाते."

"तुम्ही पाह्यला का बाबा वाकडा जातांना?"

त्यानं बंडीवरची माती झटकली. मग म्हणाला, "कोण्या बाईनं लावलाच नाही, तं पाहीन कसा?" आणि हसला. दात तीनच होते, तेवढे सगळे दिसले.

त्याचा कामठा मला वितीएवढाही ओढता आला नाही. तो म्हणाला, "हा माह्या मापाचा आहे. तुले तुह्या मापाचा पाह्यजे." माप घेताना त्यानं मला हात लावला नाही. ज्वारीचं एक ताट उपटून आणायला सांगितलं. ते जमिनीवर उभं धरून माझ्या भुवईपर्यंत मोडायचं, तेवढी कामठ्याची उंची. मग दुसरं ताट घेऊन एक टोक छातीच्या मधोमध टेकवायचं, हात सरळ पुढं करायचा आणि मधल्या बोटाच्या टोकाशी मोडायचं, तेवढी तीराची लांबी. ती दोन ताटं काखेत मारून तो गेला.

कामठ्याचा वेळू त्याच्या घरात चुलीवरच्या धुरात दोन वर्षं पडून होता. भरीव, आतून पोकळी नसल्यासारखा. पौषातल्या अवसेला तोडलेला, म्हणजे भुंगा लागत नाही असं तो म्हणायचा. तो वेळू उभा चिरून, विळ्यानं तासून, शेवटी फुटक्या काचेनं खरडून त्यानं कामठा केला. साल बाहेरच्या अंगाला. थोडं तासायचं, वाकवून बघायचं, पुन्हा थोडं तासायचं. एक टोक दुसऱ्यापेक्षा जास्त वाकलं की तीर कधीच सरळ जात नाही. हे सगळं त्याला दिसत नव्हतं. अंगठ्यानं चाचपून करत होता. दोरीसुद्धा वेळूच्याच सालीची, पातळ पट्टी, दोन्ही टोकांना तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, फास. मी रोज भाकरी घेऊन जायचे आणि बघत बसायचे. त्याची म्हातारी माझ्याकडं पाठ करून बसायची. तेव्हा काय आणि पुढंही कित्येक महिने, तिनं माझ्याशी एक शब्द काढला नाही.

तीर मात्र त्यानं मला करायला लावले. म्हणाला, "दुसऱ्यानं केलेला तीर चुकला तं माणूस करणाऱ्याले शिव्या देते. आपला चुकला तं गप बसते."

नाल्याकाठचा बोरू कापायचा, पेरं लांब असलेला. सावलीत वाळवायचा. निखाऱ्यावर फिरवून फिरवून दाबत सरळ करायचा, आणि एका डोळ्यानं त्याच्या लांबीवरून बघायचं. मी पहिल्या वीस काड्या जाळल्या. बोरू हलका असतो, म्हणून पुढच्या टोकात धावड्याच्या लाकडाचा वीतभर तुकडा घट्ट बसवायचा, आणि त्या लाकडात लोखंडी पातं. पात्याची शेपटी तापवून आत घालायची, वर लाख ओतायची, आणि ओल्या तातीनं करकचून बांधायचं. वाळली की तात आणखी आवळते. मागं दोन पिसं, गिधाडाची, आणि दोन्ही एकाच पंखाची. वेगवेगळ्या पंखांची लावली तर तीर मधेच घोटाळतो. तयार तीर बोटावर आडवा ठेवून तोलायचा. तो मध्यापासून चार बोटं पुढं तोलला पाहिजे. "डोकं जड पाह्यजे," बाबा म्हणायचा. "डुकराची कातडी म्हणजे गाडीची वंगणलेली चामडी. हलका तीर लागते अन् पडते. मंग ते डुक्कर आठ दिवस कुढत मरते. तसं पाप करायचं असलं तं आताच घरी जाय."

पात्यासाठी मी अमडापूरच्या बाजारात गेले. माहेरून आणलेला माझा विळा मोडला होता, त्याचं पोलाद चांगलं होतं. लोहारानं तो हातात घेऊन विचारलं, "खुरपं करून देऊ?"

"तीराची पाती करा. तीन."

"कोणासाठी?"

"माह्यासाठी."

तो हसला, भाता ओढणारी त्याची बायको हसली, शेजारी बसलेला बैलांचा दलालही हसला. मी तिथंच बसून राहिले. बाजार उठायला लागला तरी उठले नाही. शेवटी त्यानं विळा भट्टीत घातला. पाती मात्र सुरेख केली, पिंपळपानासारखी, दोन्हीकडून धार. घरी आणून मी ती दगडावर इतकी घासली की हातावरचे केस भादरता यायचे.

तीर हातात असूनही महिनाभर बाबानं मला तो सोडू दिला नाही. नुसता कामठा ओढायचा, धरायचा, हळू सोडायचा. दोन बोटांनी, अंगठा न लावता. खांदे रात्रभर ठणकायचे. मग बोथट तीर, पुढं लाकडी गोटा असलेले, कडब्याच्या पेंढीवर. पाच पावलांवरून सुरुवात. होळी झाली तेव्हा दहा पावलांवर आले होते, आणि वैशाखातल्या आखाजीपर्यंत पंधरावर. तिथं बाबानं माझ्यासमोर काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "ही तुही हद्द. सोळाव्या पावलावरचं डुक्कर तुह्यं नाही. त्याले जाऊ द्यायचं."

आता बांगड्यांची गोष्ट. दोरी सुटली की डाव्या हाताच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फटका बसतो. माझ्या हातात काचेच्या बांगड्या. पहिल्याच आठवड्यात चार फुटल्या आणि काच हातात घुसली. चिंधी बांधून पाहिली, चिंधीखाली फुटल्या. आत्याबाईंनी पहिल्यांदा रक्त पुसलं, दुसऱ्यांदा कासाराला बोलावलं आणि तिसऱ्यांदा ओट्यावर बसून मोठ्यानं रडायला लागल्या. शेजारच्या बाया जमल्या.

"पोरगा रेल्वेच्या रुळात काम करते माहा," आत्याबाई म्हणाल्या, "अन् ही रोज बांगड्या फोडून राह्यली. हिले काय पाह्यजे ते समजते मले!"

तो शब्द लागायचा तिथं लागला. मी त्यांच्यासमोर डाव्या हातातल्या उरलेल्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि उजव्या हातात घातल्या. हात कोपरापर्यंत भरला.

"मोजा," मी म्हटलं. "उरल्या त्यातली एक बी टाकली नाही. कोणत्या हातात किती, हे तुमच्या पोराच्या जिवाले समजत असन तं मले सांगा."

आत्याबाई रडायच्या थांबल्या. त्यांना पटलं असं नव्हे. पुढं वर्षभर त्या बाहेर कुठं जायचं म्हटलं की मला म्हणायच्या, "दोन इकडच्या हातात घालून घे बाई, लोकं पाह्यतात." मी घालायचे. परत आले की काढायचे.

श्रावणात मला चावडीवर बोलावणं आलं. पोलीस पाटील, दोन-चार मोठे शेतकरी, माझा दीर मान खाली घालून कोपऱ्यात. सासऱ्यांना चालवत नव्हतं म्हणून मी एकटीच गेले. डोक्यावर पदर होता, आवाजावर नव्हता.

"बाईच्या हातचा तीर," पोलीस पाटील म्हणाला, "उद्या कोणाच्या ढोराले लागला म्हणजे?"

"तुमच्या बंदुकीनं मागच्या साली कुंभाराचं गाढव मेलं," मी म्हटलं. "तवा चावडी कुठी बसली होती, मले आठवत नाही."

कोणीतरी हसू दाबलं. पाटलाचा चेहरा लाल झाला. मग एक वयस्क शेतकरी, तसा भला माणूस, म्हणाला, "असं करू. त्या ओट्यावर भोपळा ठेवतो. मारून दाखव. लागला तं आमचं काही म्हणणं नाही."

सगळे सावरून बसले. मुलं जमा झाली, एकजण भोपळा आणायला निघालासुद्धा. त्या वेळी मला काय वाटलं ते अजून नीट आठवतं. पंधरा पावलांवरचा भोपळा मी डोळे मिटून मारला असता. पण मारला असता तर ती एक मजा झाली असती. गावानं टाळ्या वाजवल्या असत्या, आणि पुढच्या वेळी कोणी पाहुणा आला की म्हटलं असतं, बोलवा बे त्या बाईले, भोपळा मारून दाखवते.

"मी इथी खेळ दाखवाले नाही आली," मी म्हटलं. "भोपळा माह्या वावरात शिरला अन् शेंगा खाऊन राह्यला, तं त्याले मारीन."

आणि निघून आले. मागं काय बोलले ते दिरानं नंतर सांगितलं. ते लिहिण्यासारखं नाही.

त्या रविवारी मालक घरी आले. आत्याबाईंनी त्यांना दारातच सगळं सांगितलं. जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, "बंद कर हे. स्टेशनात लोक मले विचारतात, बायको शिकारी आहे म्हणते खरं काय."

"बंद करते," मी म्हटलं. "तुम्ही नोकरी सोडून या अन् वावर राखा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना माहीत होतं की नोकरी सुटणार नाही, आणि मलाही. सकाळी गेले. पुढच्या दोन खेपांना माझ्याशी बोलले नाहीत. मी पण बोलले नाही.

आश्विन लागला. शेंगा भरल्या. मी रोज पहाटे, नुसतं फटफटायच्या आधी, धुऱ्याआड जाऊन बसायला लागले. नऊवारीचा काष्टा घट्ट, उजव्या हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांवर फडकं गुंडाळलेलं. तीन तीर जवळ मातीत रोवलेले. वाऱ्यासाठी पऱ्हाटीच्या बोंडातला थोडा कापूस चिमटीत धरायचा आणि सोडायचा. तो नाल्याकडं गेला की उठायचं आणि घरी यायचं, कारण डुकराला आपला वास गेला तर बसण्यात अर्थ नाही. पाच पहाटा अशाच गेल्या. सहाव्या पहाटे मादी आली, मागं पट्ट्यापट्ट्यांची पिलं. तिनं माझ्या डोळ्यांदेखत तीन ओळी खाल्ल्या. पिलांची मादी मारायची नाही हे बाबानं सांगितलेलं होतं. ओरडून हाकलली. नवव्या पहाटे मोठा नर आला, पण वीस पावलांवरच थांबला. कामठा ओढला होता. सोडला नाही. घरी येऊन पाण्याची कळशी आपटली, एवढा राग आला होता.

अकराव्या पहाटे तोच नर परत आला. उजेड बऱ्यापैकी झाला होता, दवानं भुईमुगाची पानं पांढरी दिसत होती. तो खात खात माझ्याकडं आला, मग थोडा तिरपा झाला, खांदा पुढं, कूस माझ्याकडं. बारा पावलं. मी ओढला आणि सोडला. दोरीचा आवाज झाला आणि त्याच क्षणी ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा दुसरा. नर एकदा ओरडला आणि नाल्यात उतरून घाणेरीच्या झुडपांत घुसला.

माझा तीर लागला होता, पण खांद्यामागं चार बोटं जास्त. ते मला सुटतानाच कळलं.

मी धावत जाऊन बाबाला उठवलं. तो घाईत नव्हता. "आता गेलीस तं ते उठून पळीन. बसू दे त्याले. आंग जड होऊ दे." त्यानं चिलीम भरली, पूर्ण ओढली, राख झटकली. तेवढ्यात दीर आला.

"सोडून द्या वहिनी," तो म्हणाला. "जखमी डुक्कर आहे. मांडी फाडते. मरीन ते आपोआप."

"आपोआप नाही मरत," मी म्हटलं. "म्या मारलं आहे, मीच पुरं करीन. तुम्ही येता का?"

तो आला नाही. त्याला दोष देत नाही, त्याची बायको आठ महिन्यांची होती. बाबा आणि मी नाल्यात उतरलो. त्याला रक्ताचा रंग दिसत नव्हता. मी दाखवायचे, तो बोटावर घेऊन चोळायचा आणि वास घ्यायचा. पहिल्यांदा काळपट होतं, त्यानं मान हलवली, "पोटातलं." पुढं घाणेरीच्या पानांच्या खालच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर फेसाळ लाल लागलं होतं. "हे फुप्फुसाचं. जवळच आहे." तीराची बोरूची काडी मोडून पडलेली सापडली, पिसांसकट. पातं आतच होतं. ऊन वर आलं. घाणेरीत उभं राहता येत नव्हतं, मी वाकून पुढं आणि बाबा माझ्या पदराचं टोक धरून मागं.

मला ते आधी दिसलं नाही, ऐकू आलं. दातावर दात घासल्याचा आवाज. सहा पावलांवर काळं काहीतरी हललं आणि उठून उभं राहिलं. बाबा माझ्या डावीकडं सरकला, त्याला दिसत नव्हतं कुठं जायचं, आणि नेमका तो मोकळ्या जागेत आला. नर त्याच्यावरच निघाला. मी गुडघ्यावर बसले, झुडपात कामठा आडवा धरला आणि ओढला. तो सरळ धरायला जागाच नव्हती. आडवा धरून मी कधी एकही तीर सोडला नव्हता.

तीर मानेखाली छातीत गेला. नर बाबाच्या पायाला घासून पुढं गेला आणि दहा-बारा पावलांवर तोंडावर पडला. बाबाची पोटरी वितीएवढी फाटली होती. मी पदर फाडून बांधली.

"पडलं का?" तो विचारत होता. "पडलं का सांग ना व!"

"पडलं बाबा."

"तीर वाकडा गेला का?"

मला तेव्हा रडू फुटलं. बरीच रडले. लाज वाटली नाही.

वस्तीतल्या माणसांनी डुक्कर उचलून नेलं. वाटणीच्या वेळी तिथंही वाद झाला. पाडणाऱ्याचा वाटा वेगळा असतो, मानेचा भाग आणि काळीज. बाईला तो द्यायचा का? एकजण म्हणाला, म्हाताऱ्याच्या नावानं देऊ. बाबा पाय लांब करून खाटेवर बसला होता. काही बोलणार, एवढ्यात त्याची म्हातारी उठली. तिनं पळसाच्या पानात तो वाटा घेतला, माझ्यापुढं आणून ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"घे. माह्या नवऱ्याचा जीव आहे यात."

आमच्या घरी सासरे माळकरी. मांस उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि मीही लग्नापासून खाल्लं नव्हतं. पण तो वाटा परत करणं म्हणजे त्या म्हातारीच्या तोंडावर थुंकणं. मी वावरात तीन दगड मांडले, मडक्यात शिजवला, धुऱ्यावर बसून खाल्ला. तिखटाशिवाय, नुसता मिठाचा. मडकं तिथंच फोडलं, नाल्यात अंघोळ केली आणि घरी आले. सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं. आत्याबाई मला चुलीजवळ येऊ देईनात. सासरे खाटेवरून म्हणाले, "येऊ दे तिले. माळ माह्या गळ्यात आहे, तिच्या नाही."

त्या वर्षी भुईमूग घरी आला. पुढच्या वर्षीही आला.

दिवाळीनंतर मालक आले तेव्हा त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांबट पुडकं होतं. मी भांडी घासायला बसले तेव्हा ते पुडकं माझ्याशेजारी ठेवलं. आत गिधाडाची पिसं होती, वीस-बावीस. शेगावच्या पुढं रुळावर कधी एखादं ढोर कापलं जायचं आणि गिधाडं उतरायची. ते ड्यूटी संपल्यावर रुळाच्या कडेनं चालत जाऊन गोळा करत होते, महिनाभर.

"एकाच पंखाची पाह्यजेत म्हणे," ते म्हणाले. "मले ओळखू येत नाही कोणता पंख कोणता. तू निवडून घे."

मी निवडून घेतली. अकरा डाव्या पंखाची निघाली.

बाबाचा पाय बरा झाला, पण तो लंगडायचा. त्यानंतर पाच वर्षं जगला. त्या पाच वर्षांत मी सहा डुकरं मारली. एक मारून हरवलं, दोन दिवस शोधलं आणि सापडलं नाही. ते अजून खुपतं. शेजारच्या वावरांतल्या दोन बाया शिकायला आल्या. एकीच्या नवऱ्यानं तिचा कामठा चुलीत घातला. दुसरी टिकली, आणि नेम तिचा माझ्यापेक्षा चांगला झाला.

पुढं शिकारीचा कायदा आला. मी तो एकाकडून वाचून घेतला, आणि त्या दिवसापासून एकाही जनावरावर तीर सोडला नाही. कायदा झाडांसाठी, जनावरांसाठी असेल तर मला मान्य होता. पण एक दिवस जंगल खात्याचा एक माणूस दारात आला आणि म्हणाला, "तुमच्याकडं हत्यार आहे असं कळलं. जमा करा."

मी कामठा खुंटीवरून काढला. त्याच्यासमोर दोरी उतरवली. कामठा सरळ झाला.

"आता काय आहे हे?" मी विचारलं.

"बांबू."

"बांबू जमा करायचा कायदा आहे का?"

तो म्हणाला, वरून लेखी आणतो. मी म्हटलं, आणा, त्यात माझं नाव नीट लिहून आणा. तो पुन्हा आला नाही.

आता माझा खांदा उतरला आहे, हात डोक्याच्या वर जात नाही. कामठ्याला वर्षातून एकदा टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावते. मागच्या वर्षी शाळेतले गुरुजी आले होते. फार गोड बोलले. म्हणाले, काचेच्या कपाटात ठेवू, खाली चिठ्ठी लावू, "आदिवासींचे शिकारीचे साधन".

मी म्हटलं, चिठ्ठी चुकीची आहे गुरुजी. हा त्यांनी केला, पण माप माझं आहे.

नाही दिला.